किंगरीचं पाचवं दार

"वाद्य शिकायला आधी अक्षर लागतं," असं मालतीबाई म्हणाल्या, आणि तेही शांतम्मांनी केलेल्या शेंगापोळीचा घास तोंडात असताना म्हणाल्या. माणसानं खाल्ल्या घासाची तरी लाज राखावी. पण मालतीबाईंनी तेहतीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलेलं. समोरचा उलटून बोलेल हा हिशेबच त्यांच्या डोक्यात नव्हता.

विषय होता सभागृहाच्या किल्लीचा. जुळे सोलापुरातल्या शिवगंगा सोसायटीचं सभागृह म्हणजे पार्किंगला लागून बांधलेली पत्र्याची एक लांबट खोली. पण खोली पत्र्याची असली तरी किल्ली लोखंडाची असते, आणि ती अकरा वर्षं शांतम्मांच्या कमरेला होती. बारसं असो, वाढदिवस असो, योगासनाचं शिबिर असो, माणसाला शांतम्मांचं दार वाजवून मान खाली घालावी लागे. मालतीबाईंना तिथं हार्मोनियमचा क्लास काढायचा होता, आणि आठवड्यातून दोनदा मान खाली घालायची त्यांची तयारी नव्हती.

"संगीताच्या खोलीची किल्ली संगीत कळणाऱ्याकडे असावी, एवढंच माझं म्हणणं," त्या महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, शांतम्मा."

शांतम्मा मैंदर्गीच्या कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेलेल्या. मराठी त्या तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक अक्षर वेचून वाचत. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. फक्त मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं, कारण किल्ली.

"मनाला कशाला लावून घेऊ," शांतम्मा म्हणाल्या. "शिकूनच दाखवते. फेब्रुवारीत सोसायटीचा वर्धापनदिन हाय न्हवं? हितंच पाच मिनिटं वाजवते. न्हाय वाजलं तर किल्ली तुमच्या हातात."

"काय वाजवाल?" मालतीबाईंनी हसून विचारलं.

आता हे शांतम्मांनी ठरवलेलं नव्हतं. पैज आधी लागली, वाद्य मागून आलं. त्या वेळी फाटकाबाहेर एक जोगी किंगरी वाजवत उभा होता. आत यायची त्याला सोय नव्हती. फाटकावर 'फेरीवाले व भिक्षेकरी यांना सक्त मनाई' अशी पाटी होती. ती पाटी शांतम्मांनीच ठराव मांडून लावून घेतलेली. त्यांनी त्या पाटीकडं पाहिलं, जोग्याकडं पाहिलं आणि बोट दाखवलं.

"त्ये."

बायका हसल्या. शांतम्मा हसल्या नाहीत. एवढंसं लाकूड, एक करवंटी आणि दोन तारा. हे शिकायला काय हत्ती लागतो?

जोग्याचं नाव रेवणनाथ. राहायला कुंभारीला. साठीचा, कपाळाला भस्म, खिशात मोबाईल. शांतम्मांनी त्याला फाटकातच गाठून "मला शिकव" असा हुकूम सोडला. त्यानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "शिकवतो की. पर पहिली गोष्ट, मला 'शिकवा' म्हणायचं."

घरात पहिलाच खटका उडाला तो वाद्य धरण्यावरून. किंगरीची करवंटी डाव्या छातीला टेकवायची, दांडी पुढं काढायची, डाव्या हाताची बोटं तारेवर आणि उजव्या हातात गज. करवंटीला बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं. आणि शांतम्मांच्या डाव्या छातीशी, करडीत, म्हणजे गळ्यात बांधलेल्या चांदीच्या डबीत, त्यांचं इष्टलिंग! सूनबाई महेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थांबली.

"अत्ती, लिंगाला कातडं लागतंय!"

तासाभरात चारी मजल्यांचा सल्ला गोळा झाला. कुणी म्हणालं कातड्याऐवजी प्लास्टिक लावा. कुणी म्हणालं मठात विचारा. तळमजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर दांडीचा कोन मोजून म्हणाले की वाद्य खांद्यावर घेतलं तर व्हायोलिन होईल, मग लिंगाचा प्रश्न मिटेल. शांतम्मांनी मठात खरंच माणूस धाडला. उत्तर आलं की विचार करून कळवू. मठाचा विचार अजून चालू आहे. शेवटी शांतम्मांनीच निकाल दिला: "देवापुढं संबळ वाजतं, त्येला काय केळीचं पान ताणलंय? लिंग जरा उजवीकडं सरकंल. शिवाला दोन बोटं सरकायला काय हुतंय, आख्खा कैलास हाय त्येच्याकडं." महेश्वरीनं कानाला हात लावले. लिंग सरकलं.

दुसरा खटका घोड्याचा. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. आठ दिवस शांतम्मांनी गज असा ओढला की भाकरीचं पीठ मळताना मनगटात जो जोर येतो तो सगळा त्यात उतरला. केस तुटले. रेवणनाथ म्हणाले, "नवं केस आणा, पांढऱ्या घोड्याचं. घोडीचं नको, तिचं केस वलं ऱ्हात्यात."

शांतम्मांचा मुलगा विरेश सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो ऑफिसची पिशवी खांद्याला लावून वरातीच्या घोडेवाल्याकडं गेला. घोडेवाल्यानं विचारलं, "साब, शेपटी के बाल क्या करते? टोना-वोना है क्या?" विरेशनं खरं सांगितलं की आई किंगरी शिकते. घोडेवाला लगाम आपल्याकडं ओढत म्हणाला, "टोना है तो बोल दो साब, शरमाओ नक्को." शेवटी केस मिळाले, पण घोडा खरंच घोडा आहे ना हे पाहायला विरेश खाली वाकला आणि घोड्यानं त्याच्या पँटवर आपलं मत नोंदवलं. विरेश घरी आला तेव्हा शांतम्मांनी आधी केस उजेडात धरून पाहिले. मग पोराकडं.

"लागलं का रे?"

"नाही, अव्वा."

"मग उभा का? गजाला लावायला राळ आण."

आणि आवाज? आवाजाबद्दल काय सांगावं. पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी फरशीवरून ओढत न्यावी, आणि ओढणाऱ्याला मध्येच आठवण व्हावी की आपण विसरलो काहीतरी, असा तो आवाज होता. शांतम्मा रोज सकाळी दहाला दारात पाट टाकून बसत, कन्नडमधून मोजत, ओंदु, एरडु, मूरू, आणि गज ओढत. कन्नडमधून मोजलं की चूक जरा कमी वाटते.

पण खरा घोटाळा आवाजाचा नव्हता. तो फार चांगला ओळखू येत होता, हाच घोटाळा. दारात बसू लागल्याच्या तिसऱ्या दिवशी शांतम्मा डोळे मिटून गज ओढत असताना पुढ्यात काहीतरी सांडलं. पाहतात तर वाटीभर ज्वारी. वरच्या मजल्यावरच्या एका घरातली सासूबाई, डोळ्यांनी अधू, जिना उतरून, दाराशी किंगरी ऐकून, ज्वारी वाढून, हात जोडून परत निघालेली. शांतम्मा ओरडल्या, "अहो, मी हाय! शांतम्मा!" म्हातारी म्हणाली, "असू दे बाबा, सुखी ऱ्हा," आणि वर गेली.

पुढचे आठ दिवस हेच. किंगरी वाजली की लोकांचा हात आपोआप डब्याकडं जातो. ही शिकवण हाडात मुरलेली; पुस्तकात नाही. कुणी गव्हाचं पीठ, कुणी ज्वारीचं, कुणी तांदळाचं, फाटकावरून जाणाऱ्या एकानं तर अर्धा नारळ. परत घ्या म्हटलं तर एकही बाई घेईना. जोग्याला वाढलेलं माघारी घेतलं की घरातलं आटतं, असा सगळ्यांचा समज. शांतम्मांच्या घराण्यात कुणाच्या दारचं मीठसुद्धा उसनं आणत नाहीत. आणि त्यांच्या दारात पाच पिठं एकात एक होऊन पडलेली. रेवणनाथ म्हणाले, खावं लागंल, टाकायचं नसतं. त्या पिठाची भाकरी थापता थापेना. एक कडा गव्हासारखी लवायची, दुसरी ज्वारीसारखी फाटायची. शांतम्मा ती रोज मुकाट्यानं खात आणि खाताना सोसायटीतल्या प्रत्येक घराचं पीठ चवीनं ओळखून त्या घराच्या गिरणीला नावं ठेवत.

मग नोटीस आली. सोसायटीचे सेक्रेटरी एकनाथराव, हे मालतीबाईंचे यजमान. नऊ वर्षं बिनविरोध सेक्रेटरी. 'विषय: आवारात धान्यस्वरूपात भिक्षा स्वीकारल्याबाबत. संदर्भ: आपणच मांडलेला ठराव क्रमांक सात. सात दिवसांत तीन प्रतींत खुलासा करावा.' शांतम्मांनी ती खडे वेचत वाचली, दुपार लागली. मग महेश्वरीला समोर बसवलं.

"लिही. 'मी मागितलं न्हाय. लोकांनी आणून दिलं. न मागता मिळतं त्ये भीक न्हाय.' लिहिलंस? 'तुमालाबी नऊ वर्षं सेक्रेटरीपण न मागताच मिळतंय म्हनता. त्येची पाटी फाटकावर लावू का?'"

"अत्ती, हे असं तीन प्रतींत?"

"चार काढ. एक नोटीस बोर्डावर."

एकनाथरावांनी पुढं खुलाशावर खुलासा मागितला नाही.

वर्धापनदिनाला बारा दिवस उरले. शांतम्मांना आता किंगरी धरता येत होती, गज सरळ जात होता, एकच सूर पण लांब ओढता येत होता. त्या म्हणाल्या, "आता चाल द्या." रेवणनाथांनी मान हलवली.

"आमच्या घरात रीत हाय. चाल घ्यायच्या आदी पाच दारं मागायची. चालत जाऊन, पदर पसरून. दारात आलेलं धान्य त्यात धरायचं न्हाय."

"मी मागू?" शांतम्मांनी विचारलं. त्या एका 'मी'त सासर, माहेर, सोन्याच्या पाटल्या आणि किल्ली, सगळं आलं.

"अम्मा, तुमी गज ओढता त्यो हुकूम सोडल्यावानी. किंगरी हुकमानं वाजत न्हाय. तिला मागता आलं पायजे. आनि पाचवं दार असं निवडायचं, जितं मागायला जीभ उचलत न्हाय."

शांतम्मांनी किंगरी भिंतीला टेकवली. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मालतीबाई पार्किंगमध्ये एका बाईला सांगताना ऐकू आल्या, "किल्लीला मी नवी रिंग आणलीय, पितळेची, वीणेच्या आकाराची." त्याच दुपारी शांतम्मांनी रेवणनाथांना फोन लावला. "उद्या होटगीला या. तितं मला कोण वळखत न्हाय."

होटगीत पहिल्याच दारातल्या बाईनं पदराकडं पाहायच्या आधी हाताकडं पाहिलं. "पाटल्या घालून मागायला आलीस? आधी त्या मोड, मग ये." शांतम्मांनी पाटल्या उतरवून रेवणनाथांच्या झोळीत टाकल्या, तेव्हा कुठं पदरात मूठभर पीठ पडलं. पुढच्या दारी ज्वारी मिळाली, पण त्या बाईनं आशीर्वाद मागितला. वाढणाऱ्यानं दारात काही मागितलं तर जोग्यानं नाही म्हणायचं नसतं, ही त्यांची दुसरी रीत. "सून ऐकत नाही, काहीतरी सांगा," बाई म्हणाली. शांतम्मांनी आत डोकावून पाहिलं. "सून ऐकत न्हाय कारन तू सकाळपासून बोलतीस. चार दिवस गप्प बस." बाईनं आणखी एक सूप वाढलं. तिसरं, चौथं दार रेल्वे क्वार्टरच्या मागं. एका दारातून, दार न उघडताच, "पुढं जा" असं आलं. शांतम्मा तिथं उभ्याच राहिल्या. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटले असतील. पण दाराच्या या बाजूनं ते कसे ऐकू येतात, ते आजवर त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराला एक शिवी दिली, कन्नडमधून, हळू आवाजात. ते दार मोजलं नाही. पुढच्यानं चौथं भरलं.

चौथ्या दारातली म्हातारी मात्र वाढून झाल्यावर चष्मा लावून पाहत म्हणाली, "तू विरेशची आई न्हवं गं? मैंदर्गीच्या लग्नात बघितलं हुतं." शांतम्मा पदर सावरून पळाल्या. पण होटगीचा फोन सोलापुरात पायी येत नाही. त्या घरी पोहोचायच्या आत विरेशला पाहुण्यांचे सात फोन आले होते. 'घरात काही बिनसलंय का?' 'आईला वेगळं काढलं का?' अक्कलकोटच्या काकांनी तर 'लागलं तर आम्ही पाठवू महिन्याचा तांदूळ' असं सांगून ठेवलं. विरेश दारात रडवेला उभा.

"अव्वा, ऑफिसात साहेबांनी विचारलं मला!"

"काय विचारलं?"

"म्हणाले, 'आईकडे लक्ष द्या.'"

"मग दे की. पान्याचा तांब्या आन."

वर्धापनदिनाची सकाळ उजाडली. चार दारं झाली होती, पाचवं उरलेलं. कुठलं, हे शांतम्मांना होटगीला जायच्या आधीपासून माहीत होतं. त्यांनी पाटल्या काढून महेश्वरीकडं दिल्या, चपला दारात ठेवल्या, किंगरी छातीशी धरली आणि दुसऱ्या मजल्यावर निघाल्या. जिन्यात बातमी त्यांच्या आधी चढली. प्रत्येक वळणावर चार-चार बायका, हातात मोबाईल. रेवणनाथ खालच्या पायरीवर थांबले.

मालतीबाईंच्या दारावरची पाटी लांबच लांब. नावापेक्षा पदव्यांना जास्त जागा. शांतम्मांनी गज टेकवला. एक सूर ओढला. दार उघडलं. मालतीबाई, आणि त्यांच्या मागं एकनाथराव, हातात इतिवृत्ताची वही. प्रसंग नोंदवण्यासारखा आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

"वाढा," शांतम्मा म्हणाल्या.

खालच्या पायरीवरून रेवणनाथ खाकरले.

त्यांनी पदर दोन्ही हातांनी पुढं धरला. सोसायटीत कुणीही त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "वाढ, माय."

मालतीबाईंनी सूपभर गहू आणले. निवडलेले, खडा नसलेले. माणूस कितीही वैरी असला तरी शिक्षिकाच. ते पदरात ओतले आणि सूप बाजूला ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "वाढणाऱ्यानं मागितलं तर जोग्यानं नाही म्हणायचं नसतं, असं ऐकलंय. खरं आहे का हो?"

"व्हय," रेवणनाथ खालून म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मग मला सभागृहाची किल्ली हवी." मालतीबाईंनी हात पुढं केला.

एकनाथरावांचं पेन थांबलं. शांतम्मांनी पदराची गाठ मारून गहू कडेला घेतले, कमरेचा आकडा काढला, किल्ली सोडवली. ती मालतीबाईंच्या हातापासून वीतभर लांब धरली.

"घ्या. पर पदर पसरा."

"म्हणजे?"

"मागनाऱ्यानं पदर पसरायचा असतो, बाई. आत्ता मी पसरला, सगळ्यांनी बघितला, मोबाईलमदी हाय. तुमी मागितलंसा, मी देते. लाजू नका."

"मी मागत नाहीये," मालतीबाई म्हणाल्या. "मी हक्कानं..."

"हक्कानं पायजे तर सांजंपातूर थांबा की. पैज हाय. मी हरले की हक्कानं घ्या. आत्ताच पायजे तर मागून घ्या. दोनी दारं उघडी हायत."

वरच्या वळणावरून कुणीतरी प्रेमानं म्हणालं, "घ्या की हो मालतीबाई, मागण्यात लाज कसली!"

मालतीबाईंचा हात हवेत होता. तो तसाच मागं गेला, पदराच्या काठाशी आला, काठ चिमटीत धरला, आणि पसरायच्या ऐवजी खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "संध्याकाळी बघू," त्या म्हणाल्या आणि दार लावलं. किल्ली पुन्हा कमरेला गेली.

चाल दुपारी मिळाली, पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून. आठ ओळींची.

संध्याकाळी सभागृह भरलं. शांतम्मांनी लिंग उजवीकडं सरकवलं, करवंटी टेकवली आणि सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना ओळखीच्या वाटल्या. तिसऱ्या ओळीपासून लोक एकमेकांकडं पाहू लागले. तिसरी ओळ कुणी ऐकलेलीच नव्हती. दोन ओळी झाल्या की इतकी वर्षं त्यांनी मूठभर धान्य वाढून दार लावून घेतलं होतं. ते धान्य जोग्याला नव्हतं, त्याच्या पुढं जाण्याला होतं. आता पुढं जायला कुणाला जागा नव्हती. गज दोनदा घसरला, एकदा बोट चुकलं, सहावी ओळ बहुधा दोनदा झाली. पण चुकलं कुठं हे सांगायला चाल ठाऊक असावी लागते. रेवणनाथ दाराशी बसून खाली मान घालून ऐकत होते. मध्येच लाईट गेली, पंखे थांबले आणि अंधारात शेवटची ओळ एकटीच चालत गेली.

लाईट आली तेव्हा एकनाथराव घड्याळाकडं पाहून म्हणाले, "पाच मिनिटं दहा सेकंद." वही खरी राहिली पाहिजे. बायकोनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते वहीत तोंड घालून बसले.

आता सगळे मालतीबाईंकडं पाहू लागले. सोसायटीत सुराचा निकाल देणारं दुसरं कुणी नव्हतं. मालतीबाई उठल्या. "सुरात नव्हतं," त्या म्हणाल्या. विद्यार्थ्याला मिळालेला गुण लपवायचा नाही, ही तेहतीस वर्षांची खोड. "पण शेवटी एक सूर मात्र लागला. अगदी स्वच्छ. कुठला, ते तुम्हाला कळलंसुद्धा नसेल."

"कळलं की," शांतम्मा गजाचे केस सैल करत म्हणाल्या. "अंधार हुता, पर तुमी माझ्या म्होरंच बसलेला. त्या सुराला मिटलेलं तुमचं डोळं लाईट आल्यावरच उघडलं."